तांबड्या पेशीचा खळगा

शाळेच्या प्रयोगशाळेत रक्ताची तयार काचपट्टी बहुधा असतेच. सूक्ष्मदर्शकाखाली ती ठेवली म्हणजे गुलाबी रंगाच्या शेकडो गोल टिकल्या दिसतात. थोडे निरखून पाहिले तर प्रत्येक टिकली कडेला गडद आणि मध्यभागी फिकी असल्याचे ध्यानात येते. हा मधला फिका भाग म्हणजे पेशीचे केंद्रक, असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. पण रंग दिलेल्या पेशीत केंद्रक फिके दिसत नाही, उलट गडद दिसते. त्याच काचपट्टीवर एखादी पांढरी पेशी शोधून काढा. तिच्यातले जांभळे केंद्रक पाहिले म्हणजे फरक कळेल. तांबड्या पेशीला केंद्रक नाहीच. मधला भाग फिका दिसतो तो तेथे पेशी पातळ आहे म्हणून. चकतीच्या दोन्ही बाजूंना मधोमध खळगा पडलेला असतो. पाठ्यपुस्तकात या आकाराला ‘द्विअंतर्वक्र’ असा भारदस्त शब्द आहे.

हा खळगा कशासाठी? ‘पृष्ठभाग वाढावा आणि ऑक्सिजन लवकर आतबाहेर जावा म्हणून’, हे उत्तर आपल्याला पाठ असते. ते चूक नाही, परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतात. पण माझ्या मते ते अर्धेच उत्तर आहे, आणि राहून गेलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा आहे. तो समजला म्हणजे विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात घरोघरी ठाऊक असलेला एक आजार नेमका काय आहे, हेही समजते.

आधी मापे पाहू. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. माणसाच्या तांबड्या पेशीचा व्यास साडेसात ते आठ मायक्रोमीटर असतो. कडेची जाडी दोन ते अडीच, आणि खळग्यापाशी केवळ एकाच्या आसपास. तिचे आकारमान सुमारे ९० घन मायक्रोमीटर, आणि पृष्ठफळ सुमारे १३५ चौरस मायक्रोमीटर. आता तेवढ्याच आकारमानाचा वाटोळा गोळा केला तर त्याचे पृष्ठफळ किती होईल? नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी गोलाचे सूत्र घेऊन करून पाहावे. त्रिज्या सुमारे २.८ मायक्रोमीटर येते आणि पृष्ठफळ सुमारे ९७. म्हणजे पेशी गोळ्यासारखी नसून खळगेदार आहे एवढ्यानेच तिला सुमारे ४० टक्के जास्त कातडी मिळाली.

पोळपाटावर हेच रोज घडते. कणकेची लाटी आणि त्याच लाटीची पुरी, दोन्हींत कणीक तेवढीच. पण लाटीला लावलेले पीठ पुरीला पुरत नाही. दिलेल्या आकारमानाला सर्वांत कमी पृष्ठभाग गोळ्याचा असतो. त्यापासून आकार जितका दूर जाईल तितका पृष्ठभाग वाढतो.

एका पेशीच्या बाबतीत ही वाढ नगण्य वाटते. पण आपल्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात पाच लिटर रक्त धरले तर या पेशी २५ लाख कोटी होतात. त्या साऱ्यांचा पृष्ठभाग एकत्र अंथरला तर जवळजवळ ३,४०० चौरस मीटर भरेल. शेतीच्या हिशेबात सांगायचे तर ३३ गुंठे! पेशी वाटोळ्या असत्या तर हेच क्षेत्र २४ गुंठ्यांवर आले असते. शिवाय चकतीत आतला कोणताही भाग पृष्ठभागापासून सव्वा मायक्रोमीटरपेक्षा फारसा दूर नसतो. गोळ्याच्या मध्यापर्यंत पोहोचायला ऑक्सिजनला त्याच्या दुपटीहून अधिक अंतर जावे लागले असते. पाठ्यपुस्तकातले उत्तर ते हे.

आता दुसरा अर्धा भाग. त्यासाठी एक प्रयोग घरीच करा. पातळ पॉलिथीनची लहान पिशवी घ्या, ती पाण्याने गच्च फुगेपर्यंत भरा आणि तोंड बांधा. पिशवीहून लहान अशी एक बांगडी घेऊन तिच्यातून ही पिशवी पलीकडे काढण्याचा प्रयत्न करा. निघणार नाही, जोर केलात तर फुटेल. (म्हणून हा प्रयोग मोरीत करावा, नाहीतर घरच्यांची बोलणी खावी लागतील.) आता पिशवीतले एक तृतीयांश पाणी ओतून टाका, आत हवा राहणार नाही असे पाहून तोंड पुन्हा बांधा, आणि पिशवी बांगडीतून ओढा. लांबट होत, वळत, मुडपत ती अलगद पलीकडे येते. पिशवीचे प्लॅस्टिक दोन्ही वेळा तेच होते, ताणले गेले नाही. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी पिशवी सैल होती.

तांबड्या पेशीचे जीवन म्हणजे अशा बांगड्यांतून निघण्याचे काम. शरीरातल्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात. त्यांतील कित्येकींचा व्यास पेशीच्या व्यासाहून कमी, चार-पाच मायक्रोमीटर असतो. पेशी तेथे चकती राहू शकत नाही. ती घडी पडलेल्या टोपीसारखी होऊन पुढे सरकते आणि रुंद वाहिनीत आल्यावर पुन्हा चकती होते. हृदयापासून निघून पुन्हा हृदयाकडे येण्याच्या एका फेरीला सुमारे एक मिनिट धरा. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणजे तिच्या वाट्याला पावणेदोन लाखांच्या घरात फेऱ्या येतात. पेशीचे आवरण रबरासारखे ताणले जात असेल असे कोणी म्हणेल, पण तसे नाही. त्याचे क्षेत्रफळ तीन-चार टक्के वाढवू गेले तरी ते फाटते. ताणले न जाता आकार बदलायचा तर आवरण आतल्या मालाच्या मानाने सैलच हवे. खळगा म्हणजे ही शिल्लक ठेवलेली सैल कातडी. हाच तो राहिलेला अर्धा भाग.

पण नुसत्या सैल पिशवीचे काम संपल्यावर ती तशीच चुरगळलेली राहते. पेशी मात्र पूर्ववत होते. याचे कारण आवरणाच्या आतल्या अंगाला आहे. तेथे स्पेक्ट्रिन नावाच्या लांबट, लवचीक प्रथिनाचे जाळे विणलेले असते. मासेमाराच्या जाळ्याप्रमाणे त्याला गाठी असतात, आणि त्यांतील काही गाठी आवरणात रुतलेल्या प्रथिनांना बांधलेल्या असतात. या प्रथिनाच्या नावाची गोष्ट गमतीची आहे. तांबडी पेशी फोडून तिच्यातला लाल माल वाहून जाऊ दिला की मागे जे पोकळ, पारदर्शक आवरण उरते त्याला शास्त्रज्ञ थट्टेने ‘भूत’ म्हणतात. त्या भुतांमधून हे प्रथिन मिळाले, म्हणून इंग्रजीत भुताला असलेल्या एका शब्दावरून त्याचे नाव पडले.

तो लाल माल म्हणजे हीमोग्लोबिन. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू धरू शकतो. म्हणजे भरलेली पेशी शंभर कोटींहून अधिक ऑक्सिजनचे रेणू घेऊन निघते. पेशीच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग हीमोग्लोबिनचा आणि उरलेला बहुतेक पाण्याचा. गर्दीच्या वेळच्या लोकल गाडीची कल्पना करा! या गर्दीसाठी जागा हवी म्हणून पेशीने घरातले सामानच बाहेर काढले आहे. अस्थिमज्जेत तयार होत असताना ती आपले केंद्रक बाहेर टाकते, आणि तेथल्या भक्षक पेशी ते खाऊन टाकतात. पुढे तंतुकणिका आणि रायबोसोमही नाहीसे होतात. तंतुकणिका नसल्याने पेशी ऑक्सिजन वापरत नाही. ग्लुकोजचे ऑक्सिजनवाचून विघटन करून लागेल तेवढी ऊर्जा मिळवते. दूधवाल्याने हंड्यातले दूध वाटेत स्वतः न पिण्यासारखेच हे आहे.

या काटकसरीची किंमतही तिला मोजावी लागते. केंद्रक नाही, म्हणून विभाजन नाही. रायबोसोम नाहीत, म्हणून झिजलेल्या प्रथिनाच्या जागी नवे प्रथिन नाही. चार महिन्यांत पेशी निकामी होते. तेव्हा मज्जेला दर सेकंदाला २० लाखांहून अधिक नव्या पेशी तयार कराव्या लागतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ‘ऑक्सिजन वाहण्यासाठी केंद्रक टाकावेच लागते’ असा नियम मात्र करू नका. कबुतराच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि त्यांत केंद्रक असते, तरी ते तासन्‌तास उडते. बेडूक आणि मासे यांच्याही पेशींत केंद्रक असते. उंट सस्तन असल्याने त्याच्या पेशीत केंद्रक नाही, पण पेशी गोल नसून लंबगोल आहे. तहानलेल्या उंटाने एका दमात भरमसाट पाणी प्यायले आणि रक्त पातळ झाले, तरी त्या पेशी दुपटीहून अधिक फुगूनही फुटत नाहीत. आणि आपण वर्गात ज्याचा अभ्यास करतो त्या गांडुळाच्या रक्तात तर हीमोग्लोबिन पेशीत नसतेच. त्याचे प्रचंड मोठे रेणू रक्तद्रवात मोकळेच विरघळलेले असतात. काम एकच, पण निसर्गाने ते निरनिराळ्या रीतींनी साधले आहे. म्हणून एखाद्या रचनेचा उपयोग सांगताना ‘ही रचना बिघडली तर काय होते?’ हे पाहणे अधिक खात्रीचे. आपल्या चकतीच्या बाबतीत असे दोन बिघाड चांगले ठाऊक आहेत.

पहिला आवरणाचा. काही कुटुंबांत स्पेक्ट्रिनचे जाळे आवरणाला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एखादे जन्मतःच सदोष असते. बांधणी ढिली पडल्यामुळे आवरणाचे बारीक तुकडे सुटून जातात. आतला माल तेवढाच, कातडी मात्र कमी होत गेलेली; साहजिकच चकती फुगत फुगत गोळा होते. या पेशींतले हीमोग्लोबिन अगदी निर्दोष असते. ते ऑक्सिजन घेते, सोडते. तरीही रोग्याला पंडुरोग होतो आणि डोळे पिवळे दिसतात. का? तर प्लीहेमुळे. प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, रक्ताला अतिशय अरुंद फटींतून गाळून जावे लागते. त्यांची रुंदी जेमतेम एक मायक्रोमीटर. सैल चकती तेथून निघते, गच्च भरलेला गोळा अडकतो आणि नष्ट केला जातो. पिशवी आणि बांगडीच! प्लीहा काढून टाकली तर पेशी गोळ्याच राहतात, पण अधिक दिवस टिकतात आणि पंडुरोग पुष्कळसा हटतो. हा रोग ओळखण्याची एक जुनी रीतही याच तत्त्वावर आहे. मिठाचे पाणी उत्तरोत्तर सौम्य करीत त्यात रक्ताचे थेंब टाकतात. पेशीत पाणी शिरते आणि ती फुगते. निरोगी पेशीला फुगायला वाव असतो. गोळ्यांना तो नसल्याने त्या आधी फुटतात.

दुसरा बिघाड आतल्या मालाचा, आणि तो आपल्या जवळचा आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात ग्रेनाडा बेटावरून आलेला दंतवैद्यकाचा एक विद्यार्थी रुग्णालयात दाखल झाला होता. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या, टोकदार तांबड्या पेशी दिसल्या. जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही हकीकत प्रसिद्ध केली. १९२७ साली हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की ऑक्सिजन काढून घेतला की या पेशी विळ्यासारख्या होतात, आणि ऑक्सिजन दिला की पुन्हा पूर्ववत होतात. १९४५ साली लायनस पॉलिंग यांच्या कानावर ही गोष्ट आली, तेव्हा दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच असला पाहिजे हे त्यांनी ताडले. पॉलिंग, इटानो आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ साली विद्युत्‌क्षेत्रात दोन्ही हीमोग्लोबिने वेगवेगळ्या गतीने सरकतात असे दाखवून ते सिद्ध केले. मग केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५६-५७ मध्ये दोषाची नेमकी जागा शोधली. हीमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ ॲमिनो आम्ले ओवलेली असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तेथे व्हॅलीन आले आहे. बस, एवढेच!

एवढ्याने पेशी वाकडी कशी होते? ग्लुटामिक आम्लावर विद्युत्‌भार असतो आणि त्याला पाण्याचा सहवास मानवतो. व्हॅलीन तेलासारखे पाणी टाळणारे आहे. हीमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि त्याच्या अंगावर व्हॅलीन नेमके बसेल अशी एक खाच उघडते. शेजारच्या रेणूचे व्हॅलीन त्या खाचेत बसते, त्याच्या शेजारचे त्याच्या खाचेत, आणि पाहता पाहता रेणूंचे लांब, ताठ दोर वळले जातात. आत असे दोर झाल्यावर आवरण कितीही सैल असले तरी काय उपयोग? बुजगावण्याच्या सदऱ्यात काठी घालावी तशी पेशी ताणली जाते. ती केशवाहिनीत अडकते, मागून येणाऱ्या पेशी तिच्यावर आदळतात आणि पलीकडच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. हाडांत आणि सांध्यांत असह्य कळा येतात त्या यामुळे. पुन्हा पुन्हा वाकण्याने आवरणही बिघडते, आणि १२० दिवस टिकायची ती पेशी दहा-वीस दिवसांतच संपते. रक्त कमी पडते ते त्यामुळे. लहान वयातच प्लीहाही निकामी होऊ लागते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

हा सिकलसेलचा आजार. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, अमरावतीचा मेळघाट, नंदुरबार या भागांत तो विशेष आढळतो. काही भागांतच का, याचे उत्तर मलेरियात आहे. १९५४ साली ॲन्थनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील पाहणीवरून दाखवले की ज्यांना सदोष जनुक एकाच पालकाकडून मिळाले आहे, त्यांना घातक मलेरियापासून पुष्कळसे संरक्षण मिळते. अशा माणसाला वाहक म्हणतात. त्याच्या पेशींत निम्म्याहून अधिक हीमोग्लोबिन निर्दोष असते. तो सहसा आजारी नसतो, शेतात राबतो, शाळेत धावतो. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तेथे हे जनुक टिकून राहिले. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून सदोष जनुक मिळून आजार होण्याची शक्यता चारात एक असते. येथे जातीचा वा कुळाचा कमीपणा कोठेही येत नाही, आणि हा आजार शिवण्याने पसरत नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला तो असेल तर त्याच्यापासून दूर बसण्याचे काहीही कारण नाही, हे शिक्षकांनी स्पष्ट सांगितले पाहिजे.

त्या मुलाला तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, हेही. का ते आता तुम्हीच सांगू शकाल. दोर वळले जाण्याचा वेग पेशीतील गर्दीवर अवलंबून असतो. शरीरातले पाणी कमी झाले, पेशी थोडी सुकली, की हीमोग्लोबिन अधिक दाट होते आणि दोर फार लवकर वळले जातात. ऑक्सिजन सोडल्यापासून दोर तयार होईपर्यंत थोडा अवधी जातो. तेवढ्यात पेशी अरुंद केशवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे निघाली तर ती वाचते. पाणी पिऊन मिळवायचा तो हा अवधी. कडक ऊन, ताप, कडाक्याची थंडी आणि दमछाक या रोग्याने टाळायची तीही याचसाठी.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध दुसऱ्या वाटेने काम करते. गर्भात असताना आपल्या पेशींत वेगळ्या प्रकारचे हीमोग्लोबिन असते. त्यात बीटा साखळी नसतेच, त्यामुळे ते या दोरात ओवले जात नाही. म्हणूनच आजार घेऊन जन्मलेले बाळ पहिले काही महिने ठीक दिसते. हायड्रॉक्सियुरियामुळे ते गर्भातले हीमोग्लोबिन पुन्हा काही प्रमाणात तयार होऊ लागते आणि दोर वळण्यात अडथळा येतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका यांनी एका जनुकीय उपचाराला मान्यता दिली. त्यात रोग्याच्याच मज्जापेशी बाहेर काढून, गर्भातले हीमोग्लोबिन बंद करणारी कळ निकामी करून त्या परत सोडतात. खर्च मात्र अफाट आहे. आपल्याकडे सध्या भर तपासणीवर आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासायचे ठरले.

तपासणीची एक सोपी रीत सूक्ष्मदर्शकाचीच आहे. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन त्यात ऑक्सिजन शोषून घेणारे सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळतात, वर पातळ काच ठेवून कडा बंद करतात आणि थोडा वेळ थांबतात. सदोष हीमोग्लोबिन असेल तर गोल टिकल्या हळूहळू टोकदार होऊ लागतात. रोगी आणि वाहक दोघांच्याही पेशी अशा वाकतात, त्यामुळे कोण रोगी आणि कोण वाहक हे या रीतीने ठरत नाही. त्यासाठी विद्युत्‌क्षेत्रात हीमोग्लोबिने वेगळी करण्याची पॉलिंग-इटानो यांचीच युक्ती, किंवा तिच्यासारखी दुसरी एखादी, वापरावी लागते.